सालीवरून ओळखलेलं झाड

कोल्हापूरकडच्या कातडं कमावणाऱ्या ढोर कारागिराला बाभूळ ओळखायला पिवळे गोंडे फुलायची वाट पाहावी लागत नाही. त्याचं झाड सालीपासून सुरू होतं. साल किती जाड, कितपत काळवंडलेली, आतली बाजू किती तांबूस, हे तो पाहतो. तिचा तुकडा चघळला की तोंड आवळून येतं. तो तुरटपणा म्हणजेच टॅनिन. जुन्या झाडाच्या सालीत ते साधारण 12 ते 20 टक्के भरतं. बी काढलेल्या शेंगेत तर सालीपेक्षाही जास्त सापडतं.

कच्चं कातडं पाण्यानं भरलेलं असतं आणि दोन दिवसांत सडू लागतं. टॅनिन त्यातल्या तंतूंना घट्ट धरून त्यांच्यामधलं पाणी हटवतं. मग सडवणाऱ्या जंतूंना तिथे शिरकाव राहत नाही आणि कातड्याचं चामडं होतं. नुसत्या बाभळीचं चामडं मात्र कडक आणि लालसर काळं निघतं. म्हणून जोडीला हिरडा येतो. हिरड्याचं पाणी आंबतं, त्या आंबटपणामुळे रस कातड्यात खोल उतरतो आणि रंगही उजळतो. एक तुरट रस शेंगावर्गी झाडाच्या सालीतून आलेला, दुसरा सह्याद्रीच्या रानातल्या फळातून. या दोघांची सांगड ज्यानं पहिल्यांदा घातली त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही, पण ती माणसाची मोठी कर्तबगारी होती.

पद्धत सावकाशीची आहे. चुन्याच्या हौदात भिजवून केस सैल करायचे, रापीनं खरवडायचे, चुना धुऊन काढायचा. मग कुटलेली साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं मुरत ठेवायचं. जुन्या रीतीत पुढे त्याच कातड्याची पिशवी शिवतात, आत साल भरून ती लाकडी घोडीला टांगतात आणि वरून सालीचं पाणी ओततात. पाणी आपल्याच वजनानं कातड्यातून झिरपतं, खालच्या भांड्यात जमतं आणि पुन्हा वर ओतलं जातं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, कारण शिवणीकडचा भाग अजून कच्चा असतो. सगळ्याला मिळून महिना सहज जातो. कातडं आतपर्यंत पिकलं का, हे कडेला छेद देऊन पाहतात. मधोमध फिकट रेघ दिसली, तर अजून थांबायचं. क्रोमच्या क्षारांनी हेच काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं. पण तळव्याखाली पायाच्या आकाराला वळणारा टणक तळ हवा असेल, तर हा महिना वाया गेला असं कोणी म्हणू नये.

वनस्पतिशास्त्रज्ञांनी या झाडाकडे फुलांवरून पाहिलं. लिनियसनं 1753 मध्ये त्याला ‘मिमोसा निलोटिका’ म्हटलं, म्हणजे नाईलकाठचं. पुढे ते ‘अकेशिया निलोटिका’ झालं आणि दीर्घकाळ त्याच नावानं राहिलं. ‘अकेशिया’ हा शब्द काट्याच्या ग्रीक नावावरून आलेला. त्यामुळे तो बाभळीला शोभतही होता. मात्र या एका कुळीत भिन्न वंशांची झाडं कोंबली गेल्याचं लक्षात आलं आणि कुळी फोडावी लागली. मूळ नाव कोणी ठेवायचं, यावर मोठा वाद झाला. 2005 मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ते ऑस्ट्रेलियातल्या हजारभर जातींकडे गेलं आणि 2011 मध्ये मेलबर्नला तो निर्णय कायम राहिला. बाभूळ आता ‘वॅकेलिया निलोटिका’ आहे. हे नाव चीनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा पाद्री असलेल्या वॅकेलवरून पडलं. आफ्रिका आणि आशियाच्या अभ्यासकांना याचं वाईट वाटलं, आणि ते वाटणं रास्त होतं.

झाडाचं मूळ घर विस्तीर्ण आहे: आफ्रिका, अरबस्तान आणि भारतीय उपखंड. त्याच्या नऊ उपजाती मानल्या जातात. आपल्याकडची रामकाठी बाभूळ, सरूसारखी सरळ उभी वाढणारी, त्यांतलीच एक. शेतकरी ती बांधावर राहू देतो, कारण सावली पिकावर फार पसरत नाही. सुदानात सालीऐवजी शेंगा वापरतात, त्यांना तिथे ‘गरद’ म्हणतात. एकच झाड, पण नाईलकाठी हात शेंगेकडे गेला आणि पंचगंगेकाठी सालीकडे. आपल्याकडे शेंगा शेळ्या खातात.

बैलगाडीची चाकं, नांगर, दातवण, डिंक हे बाभळीचे उपयोग सर्वांना ठाऊक आहेत. भारतीय उपजात सावलीसाठी ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये नेली गेली, ते मात्र फारसं कोणी सांगत नाही. गुरांनी शेंगा खाल्ल्या, शेणातून बी पसरलं आणि गवताळ मैदानं काट्यांनी भरली. आज तिथे ते उपद्रवी तण आहे, आणि त्याला आवर घालणारे कीटक शोधत तिथले संशोधक भारतात येऊन गेले आहेत.

उलट दिशेनं ब्लॅक वॉटल आला. आग्नेय ऑस्ट्रेलियातलं हे झाड निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत लावलं गेलं. त्याच्या सालीत बाभळीच्या जवळपास दुप्पट टॅनिन असतं आणि ‘अकेशिया’ हे नावही त्याच्याकडेच राहिलं. त्याचा तयार अर्क पोत्यांतून येतो, साल कुटण्याचे कष्ट वाचतात. पाठ मोडणारं काम कमी झालं, याची खंत कोणी करू नये. सालीची पारख करणारे मात्र त्याबरोबर कमी होत आहेत. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. कारागिराचं शिवणकाम त्यामुळे लोकांच्या नजरेत आलं. चामडं कमावणारा अजून मागेच उभा आहे.

नवी कोरी कोल्हापुरी पहिल्या पावसात भिजली की तळव्यांवर तपकिरी डाग उमटतात. लोक दुकानदाराकडे तक्रार घेऊन जातात. तो डाग बाभळीचा आणि हिरड्याचा असतो, आणि दोन-तीन आंघोळींत जातो.