मुका जीव, मुकी पुस्तकं

मराठीत ‘कुत्रा’ हा शब्द मूल दोनदा शिकतं. एकदा शेपूट हलवणाऱ्या प्राण्याकडे बोट दाखवून, आणि एकदा मोठ्यांच्या भांडणात. दुसरा धडा पुष्कळदा आधी होतो. ‘कुत्र्याच्या मौतीनं मरशील’, ‘कुत्रं हाल खाणार नाही’, आणि आमच्या मोहल्ल्यात ‘धोबी का कुत्ता’ तर रोजच्या बोलण्यातला. मुसलमान घरात त्यात तिसऱ्या धड्याची भर पडते: शिवू नको, कपडे नापाक होतील, नमाज होणार नाही. अशा रीतीनं प्राणी डोळ्यांसमोर येण्याआधीच त्याच्या नावाला शिवी आणि विटाळ दोन्ही चिकटलेले असतात. मूल मग खऱ्या कुत्र्याकडे पाहत नाही. ते त्या शब्दाकडे पाहतं आणि एकतर पळतं, नाहीतर दगड उचलतं.

आम्ही दोघं नवरा-बायको कोकणातले, शाळेत शिकवून निवृत्त झालेले. गेली काही वर्षं नातवंडांना पुस्तकं दाखवणं हे आमचं मुख्य काम आहे. नात साडेचार वर्षांची, नातू अडीचचा. या पुस्तकांत आमचा सगळ्यात जास्त वेळ ज्यांच्यावर गेला, ती नेमकी कुत्र्यांची निघाली आणि जवळजवळ बिनशब्दांची निघाली. आम्ही ती तशी शोधून आणली नव्हती. काही मुंबईला फोर्टच्या फुटपाथवर जुन्या ढिगात मिळाली, काही परदेशी असलेल्या मुलीनं पाठवली.

पहिलं पुस्तक ‘गुड डॉग, कार्ल’. अलेक्झांड्रा डे या अमेरिकन चित्रकर्तीचं, १९८५ साली निघालेलं. कार्ल हा रॉटवायलर जातीचा थोराड काळा कुत्रा. आई बाळाला त्याच्या भरवशावर सोडून बाहेर जाते. सुरुवातीला आईचे चार शब्द आणि शेवटी शाबासकीचे दोन, बाकी सगळं चित्रांत. बाळ कार्लच्या पाठीवर बसतं, दोघं आईच्या आरशासमोर नटतात, बाळ माशांच्या टाकीत उतरतं, स्वयंपाकघरात खाऊ होतो. मग कार्ल बाळाला आंघोळ घालतो, घर आवरतो आणि आई येण्याआधी त्याला पाळण्यात ठेवून देतो. या कल्पनेचं मूळ जर्मनीत, म्युनिकला छापल्या जाणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या एका चित्रपत्रकात आहे. त्यात झोपायचं सोडून एका पूडल कुत्र्याशी खेळणारं बाळ होतं.

हे पुस्तक आमच्या घरात आलं तेव्हा पहिली हरकत आमच्या फुफीजाननी घेतली. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. म्हणाल्या, “ज्या घरात कुत्रा आणि तसवीर, तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत. तुम्ही तर कुत्र्याचीच तसवीर आणलीत!” हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. या अर्थाची हदीस आहे आणि ती आमच्यापैकी प्रत्येकानं लहानपणी ऐकलेली आहे. शिवाय आम्ही कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे. हनफींकडे कुत्र्याची लाळ नापाक. आमच्याकडे अख्खा कुत्राच नापाक. ओला कुत्रा अंगाला लागला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक वेळ मातीनं. तिकडे इमाम मालिक यांच्या मसलकात जिवंत कुत्रा नापाक मानलेलाच नाही. एकाच दीनमध्ये थोर इमामांची तीन मतं आहेत, आणि तिन्हींचा आदर करायचा असतो, हे आम्ही फुफीजानना नव्यानं सांगण्याची गरज नव्हती. मुलांच्या खेळातल्या बाहुल्यांबद्दल हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांचा दाखला देऊन अनेक उलेमांनी सवलत दिली आहे, एवढं मात्र आम्ही म्हणालो. त्या गप्प बसल्या. पटलं म्हणून नव्हे, वाद नको म्हणून.

पण पुस्तक घरात राहिलं आणि पुढचं काम पुस्तकानंच केलं. फुफीजानना कुराणशरीफ नाजरा येतं. रोज फजरनंतर त्या तिलावत करतात. मराठी अक्षर मात्र त्यांना वाचता येत नाही, त्यांच्या काळी मुलींना शाळेत घातलं जात नसे. त्यामुळे नात पुस्तक घेऊन गेली की त्या म्हणत, “नानीकडे जा, मला नाही येत.” कार्लच्या पुस्तकात ती अडचणच उरली नाही. त्यात वाचायचं काही नव्हतं, फक्त पाहायचं आणि सांगायचं होतं. एका दुपारी नात त्यांच्या पलंगावर पुस्तक पसरून बसली होती, आणि आतून फुफीजानचा आवाज येत होता: “अगं, ही कसली आई? एवढंसं लेकरू कुत्र्यावर टाकून गेलीच कशी?” थोड्या वेळानं, “बघ, आंघोळ घातली. घातलीच पाहिजे. त्यानं शिवलं ना!” कार्लनं बाळाला आंघोळ का घातली, याचा याहून सरळ खुलासा आम्हांला सुचला नसता.

फुफीजानचं मत बदललं, असं आम्ही म्हणणार नाही. पुस्तक पाहून झाल्यावर त्या अजूनही नातीला हात धुवायला पाठवतात. परंतु त्या घरातल्या पोरांना गोष्ट ‘वाचून’ दाखवू लागल्या, हे खरं आहे. छापील शब्दाचं पुस्तक शिकलेल्याला वर बसवतं आणि न शिकलेल्याला खाली. चित्रांचं पुस्तक दोघांना एका सतरंजीवर आणतं. आपल्या समाजात अजूनही कितीतरी आज्या-दाद्या अशा आहेत, ज्यांच्याजवळ गोष्टींचा साठा आहे, पण पुस्तक हातात घ्यायची भीती वाटते. त्यांच्यासाठी या पुस्तकांइतका सोपा दरवाजा दुसरा नाही.

दुसरं पुस्तक ख्रिस राश्का यांचं ‘अ बॉल फॉर डेझी’. २०११ सालचं. त्याला २०१२ चं कॅल्डेकॉट पदक मिळालं. उत्तम चित्रपुस्तकासाठी हे पदक अमेरिकेत १९३८ पासून दिलं जातं. यात शब्द एकही नाही. डेझी या छोट्या कुत्रीचा लाल चेंडू बागेत दुसऱ्या कुत्र्याच्या तोंडून फुटतो. पुढची पानं फक्त तिच्या दुःखाची. दुसऱ्या दिवशी तिला निळा चेंडू मिळतो. आमचा अडीच वर्षांचा नातू बोलायला उशिरा लागलेला. चेंडू फुटल्याच्या पानावर तो थांबला, बोट ठेवलं आणि म्हणाला, “फुटला. रडते.” दोन शब्दांचं हे वाक्य आम्ही त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिथे डोळ्यांत पाणी काढलेलं नाही. केवळ पाठीच्या वाकण्यावरून आणि लोंबलेल्या कानांवरून त्यानं रडणं ओळखलं. दुसऱ्याचं दुःख त्यानं सांगितल्याशिवाय ओळखणं, यालाच आपण रहेम म्हणतो ना?

या पुस्तकांत मोठ्या माणसाला वाचून मोकळं होता येत नाही. विचारावं लागतं, थांबावं लागतं. अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना त्यांनी एवढंच शिकवलं की चित्र दाखवताना स्वतः कमी बोला, ‘हे काय?’, ‘मग काय झालं?’ असं विचारा आणि मुलाचं वाक्य थोडं वाढवून त्याला परत द्या. चारच आठवड्यांत ती मुलं बोलण्याच्या चाचण्यांत इतरांच्या काही महिने पुढे गेली. वर्गात आम्ही आयुष्यभर फळ्याकडे तोंड करून बोललो, ते अनुभवाचं शास्त्र. हे दुसरं शास्त्र निवृत्तीनंतर हाती आलं.

मग प्रश्न भाषेचा. आमच्या घरात कोकणी बोली आहे, शाळेची मराठी आहे, मदरशातली उर्दू आहे आणि नातवंडांच्या बालवाडीची इंग्रजी आहे. छापील पुस्तक यांतली एकच निवडतं. बिनशब्दांचं पुस्तक चारही चालवून घेतं. मर्सर मेयर यांचं ‘फ्रॉग, व्हेअर आर यू?’ हे १९६९ चं पुस्तक. एक मुलगा, त्याचा कुत्रा आणि बरणीतून पळालेला बेडूक. कुत्र्याचं डोकं बरणीत अडकतं, तो खिडकीतून पडतो, बरणी फुटते, रागावलेल्या मुलाचं तोंड तो चाटतो. हेच पुस्तक भाषाशास्त्रज्ञांनी जगभर वापरलं. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की अशा पाच भाषांत तीन वर्षांच्या मुलांपासून मोठ्या माणसांपर्यंत सगळ्यांनी हीच गोष्ट कशी सांगितली, ते मांडलं आहे. तीच चित्रं आणि प्रत्येक भाषेची वेगळी चाल. आमची नात फुफीजानजवळ ही गोष्ट कोकणीत सांगते आणि आमच्याजवळ शाळेच्या मराठीत. कोकणीत कुत्रा जास्त खोड्या करतो, असं आमचं निरीक्षण आहे.

सगळ्यात अवघड पुस्तक गॅब्रिएल व्हिन्सेंट यांचं. या बेल्जियन चित्रकर्तीचं खरं नाव मोनिक मार्टिन, २००० साली त्या वारल्या. १९८२ चं ‘अं जूर, अं शियँ’, म्हणजे ‘एक दिवस, एक कुत्रा’. नुसत्या काळ्या रेघा. धावत्या मोटारीतून कुत्र्याला रस्त्यावर टाकून देतात. तो गाडीमागे धावतो, मागे पडतो, रस्त्यावर अपघात होतो, मग तो एकटा भटकत राहतो. शेवटी एक मूल त्याला भेटतं. पहिल्यांदा पाहताना नात काही बोलली नाही. मग तिनं शेवटाकडून पानं उलटी फिरवायला सुरुवात केली. कुत्रा मागे मागे येत गाडीपर्यंत पोचला आणि खिडकीतून आत गेला. “आता घेतलं त्याला,” ती म्हणाली आणि पुस्तक मिटलं. शब्द असते तर हे करता आलं नसतं, वाक्य उलटं वाचता येत नाही.

त्यानंतर तिनं विचारलं, “आपण घ्यायचा का एक?” या प्रश्नाला गोल उत्तर देऊन चालणार नव्हतं. आम्ही सांगितलं, घरात नाही. आपल्या घरात नमाज होते, ती जागा पाक ठेवायची असते. पण वाडीवर आंब्याच्या राखणीला ठेवता येतो. राखण, शेती, शिकार यांसाठी कुत्रा पाळायला आपल्या दीनमध्ये परवानगी आहे. आणि नापाक म्हणजे वाईट नव्हे. पाकीचा नियम आपल्या अंगाकपड्यांसाठी आहे, त्या जिवाचा तिरस्कार करण्यासाठी नाही. तहानेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून जोड्यातून पाणी आणणाऱ्याला अल्लाहनं माफ केलं, ही हदीस आम्ही तिला सांगितली. सूरे कहफमधल्या गुहेतल्या झोपलेल्यांची हकिकतही सांगितली. ते किती होते याबद्दल लोकांत मतभेद, पण कुणीही मोजलं तरी कुत्रा त्या मोजणीत आहेच. गुहेच्या तोंडाशी पाय पसरून तो पडलेला आहे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदादच्या इब्न अल-मर्झुबान यांनी तर, कपडे घालणाऱ्या पुष्कळ जणांपेक्षा कुत्रे कसे बरे, यावर अख्खं पुस्तकच लिहिलं. आपल्या महाराष्ट्रात रोटी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट घरोघरी आहे. आम्ही तीही सांगितली.

मात्र एक गोष्ट चित्रं सांगत नाहीत, ती शब्दांनीच सांगावी लागते. कार्ल पुस्तकात आहे, गल्लीत नाही. आपल्या रस्त्यावरचा कुत्रा भुकेला असतो, कधी आजारी असतो. जगात रेबीजनं मरणाऱ्यांपैकी एकतृतीयांशाहून अधिक माणसं भारतातली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि चावे घेतल्या जाणाऱ्यांत मुलं मोठ्या संख्येनं असतात. एकदा लक्षणं दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. म्हणून नातवंडांना आम्ही शिकवलं: खाणाऱ्या, झोपलेल्या, पिलांजवळच्या कुत्र्याकडे जायचं नाही, समोर आला तर पळायचं नाही, नुसता ओरखडा आला तरी घरी सांगायचं. घरच्यांनी जखम साबणाच्या वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायला न्यायचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांविषयी सर्वोच्च न्यायालयानं आधी सगळ्यांना निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला आणि दोन आठवड्यांच्या आत, नसबंदी व लसीकरण करून बहुतेकांना मूळ जागी सोडावं, असा बदल केला. त्या दिवसांत सगळा देश दोन गटांत भांडत होता. एका गटाला कुत्रा देवदूत, दुसऱ्याला सैतान. आम्हांला वाटलं, दोन्ही गटांनी लहानपणी कुत्र्याकडे नीट पाहायचं राहूनच गेलं असावं.

सावध राहणं आणि द्वेष करणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हा फरक मुलाला पाच वर्षांच्या आत कळला तर बरा, कारण पुढे तोच फरक त्याला माणसांच्या बाबतीतही लागणार आहे. ज्या समाजाला इतरांनी न पाहता, नुसत्या नावावरून ओळखलं आहे, त्या आपल्यासारख्या समाजानं तरी आपल्या मुलांना आधी पाहायला आणि मग नाव द्यायला शिकवावं. ईदीच्या पैशांतून एखादं असं पुस्तक घरात आणा, आणि ते मुलाबरोबर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईच्या हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर फारच उत्तम.