आश्विनातलं पित्त

परभणीचं ऊन डोक्यावर बसतं ते वैशाखात, पण माणसं खवळतात ती आश्विनात, असं मला नेहमी वाटत आलंय. सोयाबीन मळणीला आलेलं, कापसाची पहिली वेचणी तोंडावर, पावसानं भिजलेली काळी जमीन वरून तापू लागलेली. अशात बांधावर, बाजार समितीत, घरातही शब्दानं शब्द वाढतो. आयुर्वेदाचार्य वाग्भटानं हे केव्हाच हेरून ठेवलं होतं: पित्त पावसाळ्यात साचतं, शरदात खवळतं आणि हेमंतात निवतं. दिवसातली दुपार त्याची, आयुष्यातलं तारुण्यही त्याचंच.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. त्यामुळे इथं वैद्यांच्या जोडीला हकिमांची विद्याही रुजली. हकीम वैद्यांच्या वात, पित्त, कफ या तीन दोषांवर थांबत नाही. दम, बलगम, सफरा, सौदा; म्हणजे रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त. हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतून, गॅलनच्या आणि पुढे इब्न सिनाच्या ग्रंथांतून हा विचार दख्खनेत पोचला. सफरा उष्ण आणि कोरडा. तो चढा असलेला माणूस चटकन पेटतो. आयुर्वेदातलं पित्तही उष्णच, पण किंचित स्निग्ध. ही एवढीशी ओल मला फार मोलाची वाटते.

आजचं शरीरशास्त्र हे चार रस मानत नाही. पित्त यकृतात तयार होतं, चरबी पचवायला मदत करतं. कुणाचा स्वभाव त्यावर ठरत नाही. ते खरंच आहे. तरी जुन्या विचारातली माया मला सोडवत नाही. तापट माणसाला त्यानं दुष्ट ठरवलं नाही, त्याला गारवा दिला. आमच्याकडच्या बायका ग्रंथ न वाचताच तसं वागतात. मळणीवरून शिव्या देत आलेल्या माणसाला आधी कुणी उत्तर देत नाही. त्याच्या हाती तांब्या येतो, मग रात्रभर भिजवलेल्या धन्या-जिऱ्याचं खडीसाखर घातलेलं पाणी. तळाशी उरलेले धने तो चावत बसतो, उपरण्यानं मान पुसतो, आणि मग कुठं आज काय भाव फुटला ते सांगतो.

याच जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. ती विठ्ठलावर चिडते, त्याच्याशी भांडते, त्याला शिव्याही घालते. त्या रागात कोरडेपणा औषधालाही सापडत नाही. सहा-सातशे वर्षं झाली, वारकरी तो टाळाच्या ठेक्यावर, मोठ्यानं, देवासमोरच म्हणतात.