भार कोणत्या पायावर?

टँगो शिकवू लागल्याला आता पुष्कळ वर्षे लोटली. तरी नवा विद्यार्थी समोर उभा राहिला की जो पहिला प्रश्न मी त्याला विचारतो, तो मूळचा माझा नाही. ब्वेनोस आयरेसच्या व्हिला उर्किसा या वस्तीत ज्या वृद्ध गुरूंपाशी मी ही विद्या घेतली, त्यांनी पहिल्याच संध्याकाळी मला मिठीत घेऊन चार पावले चालविले, थांबविले आणि विचारले, "सांग, आता माझा भार कोणत्या पायावर आहे?" मला सांगता आले नाही.

पुरुषाने आधी पुरुषांबरोबर सराव करावा, आणि त्यातही प्रथम उलट्या पावलांनी चालणाऱ्या जोडीदाराची भूमिका शिकावी, असा त्या शहरात एके काळी शिरस्ता होता. गुरूंनी तो माझ्यापुरता जारी ठेवला. सहा आठवडे मी डोळे मिटून मागे मागे चाललो, आणि तेव्हा कुठे उमगले की ज्याला आपण जोडीदारास 'नेणे' म्हणतो तो हुकूम नसून अर्ज आहे. आणि त्या अर्जावर मंजुरी येईपर्यंत, म्हणजे समोरच्या व्यक्तीचा भार नव्या पायावर पुरता स्थिरावेपर्यंत, पुढचे पाऊल टाकण्याचा अधिकार नेणाऱ्यास नसतो. सातव्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा आला, तेव्हा मी न अडखळता "डाव्या" म्हणालो.

तंत्राविषयी विद्यार्थ्यांचा मोठा गैरसमज हातांबाबत असतो. माझाही होता. एकदा गुरूंनी माझे दोन्ही हात खाली सोडावयास लावले, छातीच्या मध्यावर आपला तळहात ठेवला आणि म्हणाले, "आता ने मला." पाय उचलण्यापूर्वी धड बोटभर पुढे झुकते, आणि जोडीदारास जे कळते ते त्या बोटभर अंतरातच कळते, हे मला त्या तळहाताच्या दाबावरून समजले. 'ओचो', म्हणजे आठ, या नावाची जी आकृती पाय जमिनीवर रेखाटतात, तिचे मर्मही पायांत नाही. छाती जोडीदाराकडे राहून कंबर तिच्याखाली वळते, त्या पिळात आहे.

परंतु हे सारे ज्याच्या सेवेसाठी, ते संगीत. टँगोच्या पारंपरिक वाद्यवृंदात बांदोनेऑन, व्हायोलिने, पियानो आणि डबल बास असतात. चर्मवाद्य बहुधा नसते. म्हणून तबल्याच्या ठेक्यावर वाढलेल्या आपल्या कानास लय प्रथम सापडत नाही. ती पियानोच्या डाव्या हातात आणि बासच्या खर्जात शोधावी लागते. 1935 साली रोदोल्फो बियाजी पियानोवर आला आणि ह्वान दारिएन्सोच्या वाद्यवृंदाचा ठोका असा तीक्ष्ण झाला की पाय स्वस्थ राहीनात. दारिएन्सोस लोक 'ठोक्याचा राजा' म्हणत. माझे मन मात्र कार्लोस दी सार्लीपाशी गुंतलेले आहे. आपल्या जन्मगावाचे नाव दिलेली 'बाईआ ब्लांका' ही रचना त्याने 1957 साली ध्वनिमुद्रित केली. तिच्यात व्हायोलिने दीर्घ श्वासाने गात असतात आणि वाक्य पुरे होताना पियानो घंटेसारखे दोन-चार स्वर सोडतो. त्या ठिकाणी मी थांबतो. त्या विरामात कधी जोडीदाराचा मोकळा पाय आपणहून जमिनीवर एक संथ अर्धवर्तुळ काढतो. ते मी सुचविलेले नसते. तिने ऐकलेले असते. ते पूर्ण होईपर्यंत निश्चल उभे राहणे, एवढेच तेव्हा माझे कर्तव्य असते, आणि सगळ्या आकृत्यांहून ते मला कठीण गेले.

'मिलोंगा' या नृत्यसभेचे दस्तूर याच वृत्तीचे आहेत. जोडीदारास दुरून नजरेने विचारावयाचे, होकार आला तरच उठावयाचे. मग एकाच वाद्यवृंदाच्या तीन-चार रचनांची 'तांदा' संपेपर्यंत सोबत राहून, घड्याळाच्या उलट दिशेने फिरणाऱ्या त्या रांगेत पुढच्या जोडीस धक्का न लावता चालावयाचे. रंगमंचावरील टँगोत हवेत उडणारे पाय पाहून जे शिकावयास येतात, त्यांना हे सारे नीरस वाटते आणि पुष्कळजण महिन्याभरात निघून जातात.

जे राहतात आणि जे येऊ इच्छितात, त्यांस माझी विनंती आहे: पहिले सहा महिने आकृत्यांचा हव्यास धरू नका, दी सार्ली लावा आणि केवळ चाला, आणि पुरुष असाल तर आधी उलट्या पावलांनी चाला.