चिपवरचे आकडे

बंगळुरातल्या एस. पी. रोडवरच्या दुकानदाराने लॅपटॉपची पाठ उघडली, तेव्हा शेजारच्या टेबलावर कुणीतरी सोल्डरिंग करत होतं. रोझिनच्या त्या धुराने मला थेट 1997 च्या लॅमिंग्टन रोडवर नेऊन सोडलं.

बाबा माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. फंडातून कर्ज काढून आम्हा भावंडांसाठी कॉम्प्युटर घ्यायला निघालेले. दुकानदार ‘पेंटियम आहे, एकदम फास्ट’ एवढंच म्हणत राहिला. बाबांनी जोडणीआधी चिप हातात मागून घेतली, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिच्यावरचे आकडे खिशातल्या डायरीत उतरवले. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं. पण अंगावर काय कोरलंय ते वाचल्याशिवाय त्यांनी कुठल्या यंत्राला हात लावला नाही.

एस. पी. रोडवर मी भाचीसाठी रिफर्बिश्ड लॅपटॉप शोधत होते. ती रत्नागिरीत डिप्लोमा करते. प्रत्येक दुकानात एकच उत्तर: ‘आय फाइव्ह आहे, मॅडम.’ याचा मला खरंच राग येतो. आय फाइव्ह हे नुसतं आडनाव झालं. माणूस कोण ते पुढचे आकडे सांगतात. 7200यू म्हणजे सातवी पिढी, दोन कोअर. 8250यू म्हणजे 2017 मधली आठवी पिढी, चार कोअर. दोघांनाही वीज तेवढीच, पंधरा वॅट. कागदावर मात्र जुन्याचा मूळ वेग 2.5 गिगाहर्ट्झ आणि नव्याचा 1.6, म्हणून अजाण माणूस जुनाच उचलतो. चार कोअर पंधरा वॅटमध्ये बसवायचे म्हणून मूळ वेग कमी ठेवलेला असतो. गरज पडली की तोच 3.4 पर्यंत उसळी घेतो.

प्रोसेसरला हलणारा भागच नाही. नीट थंड राहिला तर तो वर्षानुवर्षं चालतो. थकतात ती बॅटरी, पंखा आणि वाळून गेलेली थर्मल पेस्ट. चिप तापली की स्वतःच वेग कमी करते आणि आपण म्हणतो, प्रोसेसर जुना झाला. बाबांनी आधी पेस्ट बदलायला लावली असती.

आणि मग तारखा येतात. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. विंडोज 11 साधारण आठव्या पिढीपासून पुढेच घेतं. काल चालणारं यंत्र आज निकामी, तेही दूर बसलेल्या कुणाच्या तरी यादीमुळे. असं आपल्याकडे आधीही झालंय. ऐंशीच्या दशकात इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेला क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही. मग पुण्यात सी-डॅक उभं राहिलं आणि विजय भटकरांच्या चमूने 1991 मध्ये परम 8000 बांधला. त्यात एकच अजस्र प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून, कामाची वाटणी करून ती ताकद उभी केली होती. त्या बातमीचं कात्रण बाबांनी बरीच वर्षं जपलं. जोडकामावर त्यांचा विश्वासच होता.

मी 8250यू घेतला. पैसे देताना ढिगाऱ्यात सर्व्हरचे सुटे भाग दिसले आणि आठवलं: 2008 मध्ये आलेला इंटेलचा सहा कोअरचा झिऑन, डनिंग्टन, याच बंगळुरात आखला गेला होता. एकशेनव्वद कोटी ट्रान्झिस्टर. चिपवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं, नंबर असतो. ती आखणाऱ्यांची नावं नसतात. बाबांनी दुरुस्त केलेल्या डब्यांवरही त्यांचं नाव कधी नव्हतं. लॅपटॉप घ्यायला गेलेली मी त्या अनोळखी इंजिनियरांचाच विचार करत रिक्षात बसले.

रात्री भाचीला फोन केला. म्हटलं, ‘सुट्टीत इकडे ये. लॅपटॉप कुरिअरने पाठवत नाही. आधी तुझ्या हाताने उघडायचा, आत काय काय आहे ते लिहून काढायचं, मग घेऊन जायचा.’ ती म्हणाली, ‘मावशी, मला उघडता येईल?’ येईल. शिकवायला मी आहे.