आवळता येईल असा सांधा

घरासाठी उंच लाकडी स्टूल घ्यायचं ठरलं की पाहणी बहुतेकदा नको त्या टोकापासून सुरू होते. लाकूड कोणतं हे आधी विचारलं जातं, मग पॉलिशचा रंग आणि मग किंमत. स्टूल उलटं करून त्याचे पाय बुडाशी कशाने धरून ठेवलेत, हे क्वचितच कुणी पाहतं. माझं म्हणणं असं आहे की उंच स्टुलात पहिला प्रश्न सांध्याचा असतो, लाकडाचा त्यानंतर. आणि घरच्या माणसाला स्वतःच्या हाताने आवळता येतो तो सांधा, कायमचा चिकटवून टाकलेल्या सांध्यापेक्षा आपल्या हवेत बहुधा जास्त वर्षं साथ देतो. स्टूल सुट्या भागांत खोक्यातून येतं आणि ते जोडावं लागतं, याला आपण कमअस्सलपणाची खूण मानतो. मला ती त्या वस्तूची सगळ्यात उपयोगी बाजू वाटते.

मुळात घरात इतक्या उंच बैठकीची गरज का पडावी, हा पहिला आक्षेप. तो रास्त आहे, कारण मराठी घराची बैठक जमिनीलगतची. चूल जमिनीवर होती, विळी आणि परातही जमिनीवरच, म्हणून दोन-चार बोटं उंचीचा पाट पुरत असे. घडवंची उंच होती, पण ती पाण्याच्या हंड्यांसाठी; तिवईवर समई किंवा तांब्या-भांडं ठेवायचं; स्टूल असलंच तर माळ्यावरचे डबे काढायला. १९५०च्या दशकात मुंबईत घरगुती गॅसचे सिलिंडर मिळू लागले आणि पुढच्या काही दशकांत शेगडीपाठोपाठ सगळा स्वयंपाक ओट्यावर चढला. काम वर गेलं, पण बैठक खालीच राहिली. जमिनीवर बसून भाजी चिरणारी बाई ओट्यापाशी तासन् तास उभी राहू लागली. सुमारे ४५ सेंटिमीटर उंचीची साधी खुर्ची ओढून घेतली तर ८५ सेंटिमीटरच्या ओट्यावर कोपर टेकत नाही, परातीत हात घालायला खांदे वर उचलावे लागतात. उंच स्टूल या तुटलेल्या जागी बसतं. ते हॉटेलातल्या मद्याच्या काउंटरपाशी वाढलं म्हणून घराला परकं ठरत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी तर उंच बैठक जास्त सोयीची, कारण बैठक जितकी खाली तितका उठताना गुडघ्यांवर भार अधिक. वाटाणे सोलणं, पोळ्या लाटणं, कणीक मळणं ही कामं अर्धवट टेकून होत असतील तर वयस्कर माणसाचा स्वयंपाकघराशी संबंध काही वर्षं तरी जास्त टिकतो. हा फायदा मला दिवाणखान्यातल्या शोभेपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

मात्र उंची नेमकी हवी. दुकानात ‘बार स्टूल’ म्हणून जे मिळतं त्याची बैठक साधारण ७५ सेंटिमीटरवर असते, कारण ते १०५ सेंटिमीटरच्या आसपासच्या काउंटरसाठी केलेलं असतं. बैठक आणि काउंटरची खालची कड यांच्यात २५ ते ३० सेंटिमीटर अंतर हवं, तेव्हा कुठे मांड्या आत जातात. आपल्या ओट्याची उंची ८५ धरली आणि ग्रॅनाइटची जाडी वजा केली, तर ७५ सेंटिमीटरच्या स्टुलावर बसणाऱ्याचे गुडघे दगडावर आपटणार. घरात हवं असतं ते ५५ ते ६० सेंटिमीटरचं, फार तर ६५चं. त्यातही बहुतेक ओट्यांखाली ट्रॉल्या असतात, पाय घालायला जागाच नसते. तिथे तिरकं बसावं लागतं, किंवा नाश्त्यासाठी बाहेर काढलेली फळी असेल तर तिच्यापाशी. पाय टेकवायची आडवी पट्टीही तितकीच महत्त्वाची. पाय लोंबकळत राहिले की बैठकीची कड मांडीखाली दाबते, रक्त परत वर चढायला अडथळा होतो आणि मुंग्या येतात. ही पट्टी बैठकीपासून गुडघ्याच्या खालच्या उंचीइतकी खाली हवी. परदेशी मापांत हे अंतर ४५ सेंटिमीटर असलं तरी आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना ते जास्त पडतं. देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीय शरीरमापांचं संकलन केलं आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने ते १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. ते इतकी वर्षं उपलब्ध असूनही स्टुलं अजून परक्या मापांवर का बेततात, हे मला उमगत नाही.

उंची वाढली की सांध्यावरचा ताणही वाढतो, आणि माझ्या मुद्द्याची सुरुवात इथे होते. बसलेला माणूस पुढे झुकतो, बाजूचा डबा घ्यायला वळतो, तेव्हा बैठकीला आडवा रेटा बसतो. तोच रेटा ४५ सेंटिमीटरवर बसण्याऐवजी ७५ सेंटिमीटरवर बसला तर पायांना पिळणारा जोर दीडपटीहून अधिक होतो. शिवाय वर चढताना सगळं वजन क्षणभर पाय टेकवायच्या एकाच पट्टीवर येतं, तेही एका बाजूला. ही पट्टी म्हणजे स्टुलाचा कणा. ती चारी पायांना जखडून ठेवते. तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही हे खरं, आणि जमिनीलगतच्या बैठकीला ते उत्तमच. पण टेकूंचं वर्तुळ २२ सेंटिमीटर त्रिज्येचं धरलं तर चार पायांच्या स्टुलात मध्यापासून कलंडण्याच्या रेषेपर्यंत सुमारे साडेपंधरा सेंटिमीटर मिळतात आणि तीन पायांत फक्त ११. फिनलंडचा वास्तुकार अल्वार आल्टो याने १९३३ मध्ये आखलेलं बुटकं स्टूल तीन पायांचं आहे. दोनच वर्षांनी त्याच घडणीचं उंच स्टूल करताना त्याने चार पाय दिले. दोन्हींत पाय बैठकीला खालून स्क्रूने जोडलेले.

आता लाकूड. लाकूड कापल्यावरही हवेतलं पाणी घेत-सोडत राहतं. लांबीला त्याचा परिणाम नगण्य, पण रुंदी-जाडीला चांगलाच दिसतो. विदर्भात मे महिन्याच्या कोरड्या हवेत लाकडातलं पाणी सहा टक्क्यांच्या आसपास उतरू शकतं आणि ऑगस्टात पंधरापर्यंत चढू शकतं. कोकणात आकडे वरचे असतात, पण चढउतार कमी. म्हणजे सांध्याचे हाल रत्नागिरीपेक्षा नागपुरात जास्त होतात. सागवान हे आकाराला स्थिर लाकूड म्हणून नावाजलेलं, तरी ४० मिलिमीटर जाडीचा सागवानी पाय आठ टक्के पाण्याच्या फरकाने अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त आक्रसतो. पॉलिशने हा वेग मंदावतो, थांबत नाही. यातून होणारं नुकसान शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ढिल्या दांड्याची कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवली की सकाळी दांडा घट्ट बसतो, पण वाळल्यावर आधीपेक्षा जास्त हलू लागतो. लोखंडाच्या नेढ्यात फुगलेल्या लाकडाला जागाच नसते, त्याचे तंतू चिरडले जातात, आणि वाळताना ते चिरडलेल्या मापावरून आणखी आत जातात. बोल्टखाली किंवा चौकोनी भोकात अडकलेल्या लाकडाचं दर पावसाळ्यात हेच होतं. म्हणून स्टूल ढिलं होणं ही नेहमीच बनावटीतली खोट नसते. ऋतूंच्या देशात लाकूड वापरण्याची ती किंमत आहे. प्रश्न एवढाच की ती किंमत फेडायची सोय त्या वस्तूत आहे की नाही. फर्निचरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या सहा मिलिमीटरच्या बोल्टचा आटा एका फेऱ्यात एक मिलिमीटर पुढे जातो. वर सांगितलेला अर्ध्या मिलिमीटरचा फरक भरून काढायला किल्लीचा अर्ध्याहून थोडा जास्त फेरा पुरतो.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप सुताराच्या बाजूने येतो, आणि तो मी हलक्याने घेत नाही. एका लाकडात पटाशीने भोक, दुसऱ्याला त्यात चपखल बसणारं कुसू, वर पाचर. असं जुनं सागवानी काम आजही घराघरांत उभं आहे, मग नटबोल्टची तरफदारी कशाला? उत्तराचे दोन भाग आहेत. एक, ते काम ज्या लाकडात झालं ते वर्षानुवर्षं वाळवलेलं होतं, आणि सुतार गावातलाच होता. लाकडात किती टक्के पाणी चालेल हे भारतीय मानक २८७ हवामानाचे विभाग पाडून सांगतं, पण शहरातल्या गिऱ्हाइकाला ते तपासायचं साधन नाही. दोन, जुना सांधा आपण समजतो तितका कायमचा नव्हता. तो सरसाने चिकटवलेला असे, आणि सरस उष्णतेने व ओलाव्याने सुटतो. सांधा उकलून, साफ करून पुन्हा बसवता येत असे. आजच्या पांढऱ्या डिंकाचं तसं नाही. तो ताजा असताना फार बळकट, पण वाळलेल्या थरावर नवा थर नीट धरत नाही. सांधा एकदा हलू लागला की भोकातला जुना थर पूर्ण खरवडल्याशिवाय दुरुस्ती होत नाही, आणि खरवडलं की माप ढिलं होतं. दुरुस्तीची वाट मोकळी ठेवण्याची जी शहाणी रीत जुन्या सुतारकामात होती, तिचा खरा वारस मला बोल्टचा सांधा वाटतो. ओळखीचा चांगला सुतार असेल, लाकूड मुरलेलं असेल, तर कुसवाचं स्टूल अवश्य करून घ्यावं. त्याहून सुंदर काही नाही. बाकीच्यांना मात्र ढिलं झाल्यावर काय करता येईल याचा विचार आधीच करायला हवा.

जोडून घ्यायचं फर्निचर म्हणजे हल्लीचा स्वस्त माल, ही समजूतही इतिहासात टिकत नाही. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची १४ क्रमांकाची खुर्ची १८५९ ची. वाफवून वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. अशा ३६ खुर्च्यांचे सुटे भाग एका घनमीटरच्या खोक्यात बसत. जगभरच्या कॅफेंत ती पोचली ती याच सोयीमुळे. मुंबईच्या इराणी हॉटेलांत ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या दिसतात त्या याच घराण्यातल्या. दिवसभर गिऱ्हाईक उठत-बसत असलेल्या जागी त्या टिकल्या, यापेक्षा स्क्रूच्या सांध्याची मोठी परीक्षा कोणती?

अर्थात सगळे बोल्टचे सांधे सारखे नसतात, आणि निवडीची खरी मेहनत इथे करावी. धातूचा आटा धातूतच फिरायला हवा: लाकडाच्या पोटात आडवा बसवलेला गोल नट किंवा ठोकून बसवलेली आट्याची नळी, आणि तिच्यात जाणारा बोल्ट. नुसता स्क्रू पायाच्या टोकात, म्हणजे तंतूंच्या तोंडात, मारलेला असेल तर ते स्टूल घेऊ नये. तिथे पकड मुळात कमी असते आणि दोनदा काढला-घातला की संपते. भुशाच्या पाटीची बैठक असेल तर अधिकच वाईट. पायाच्या लाकडाच्या रेषा वरपासून खालपर्यंत सरळ गेलेल्या असाव्यात, भोकाजवळ गाठ किंवा तिरका तंतू नको. हे जुळलं की मग जात विचारावी. शिसम जड आणि बळकट. आंब्याला कीड लवकर लागते, म्हणून औषध दिलंय का ते पाहावं. रबरवुड म्हणजे चिकाचं उत्पन्न घटल्यावर, पंचवीस-तीस वर्षांनी तोडलेली झाडं. त्यालाही बुरशी आणि कीड लागते, पण बोरॉनची प्रक्रिया नीट झाली असेल तर घरातल्या स्टुलाला ते पूर्ण पुरेसं आहे. सागवानासाठी दामदुप्पट मोजून सांधा मात्र हलका घ्यायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

जोडणीत घाई हाच एक शत्रू. सगळे बोल्ट आधी हाताने, दोन-तीन आट्यांपुरतेच लावावेत; एक पाय पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे वळलं की शेवटचं भोक जुळत नाही आणि जोर लावला की आटा मरतो. मग स्टूल सपाट फरशीवर उभं करून, वर बसून चारी पाय आपापल्या जागी बसू द्यावेत आणि समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जावेत. तरी डुगडुगलं तर दोष फरशीचा की स्टुलाचा हे पाव फेरा फिरवून कळतं: दरवेळी तोच पाय उचलला जात असेल तर स्टुलाचा, नाहीतर फरशीचा. भर पावसात किल्ली जोरात फिरवू नये, लाकूड तेव्हा फुगलेलं असतं. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, लाकूड काही आठवड्यांनी तिच्या मागोमाग येतं. आवळायची वेळ ती, आणि मग एकदा मार्च-एप्रिलात.

लोखंडी स्टुलाला यातलं काहीच लागत नाही, असं कुणी म्हणेल. हवेतल्या चढउतारापुरतं ते खरं आहे. पण ओट्यापाशी रोज पाणी सांडतं, कोकणात खारी हवा असते, आणि गंज पायाच्या पोकळ नळीत आतून धरतो, तिथे हात पोचत नाही. लाकडाची तक्रार ऐकू येते. ते करकरतं, हलतं, आणि वेळेवर किल्ली फिरवली तर थांबतं.

शेवटचा आक्षेप विक्रेत्यांना उद्देशून आहे आणि त्यात मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूचा आहे. जोडणीचे श्रम गिऱ्हाइकावर टाकून विक्रेता वाहतुकीचा आणि मजुरीचा खर्च वाचवतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धाला ते काम झेपतही नाही. मग त्या बदल्यात काही परत मिळायला हवं. मागणाऱ्याला जोडून देण्याची सोय विनामूल्य असावी. खोक्यात दोन-चार जादा बोल्ट आणि नट असावेत, त्यांचं माप मराठीत छापलेलं असावं, म्हणजे पाच वर्षांनी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातही जोड मिळेल. आणि स्टुलाच्या चिठ्ठीवर किमतीच्या शेजारी चार गोष्टी छापाव्यात: बैठकीची उंची, पाय टेकवायच्या पट्टीपर्यंतचं अंतर, लाकडाची जात, आणि कारखान्यातून निघताना त्यात किती टक्के पाणी होतं. यातली एकही गोष्ट लपवण्यासारखी नाही, आणि एकही छापायला महाग नाही.