उंबरठ्याच्या अलीकडे

‘घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत आले. या म्हणीत घर बांधणाऱ्याच्या कष्टांची जाण आहे. परंतु उंबरठ्यापर्यंत जाऊन विचारपूर्वक मागे वळणाऱ्याला तीत स्थान नाही. त्याने दिलेला शब्द मोडला, असा एक अबोल आरोप त्याच्यावर ठेवला जातो.

गेल्या वर्षी आम्हा पतिपत्नीवर तशी वेळ आली. तीस वर्षांपूर्वी मी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून सातपूरच्या कारखान्यात नोकरीसाठी आलो, तेव्हापासून आमचा संसार भाड्याच्या घरांतच झाला. अखेर पाथर्डी फाट्याजवळची ४० लाखांची सदनिका पसंत पडली. २ लाख रुपये भरून वाटपपत्र घेतले आणि ३० लाखांच्या कर्जासाठी बँकेत अर्ज केला.

माझ्या निवृत्तीला सहा वर्षे उरलेली. तेव्हा २० वर्षांची मुदत हवी असल्यास मुलाने सहकर्जदार व्हावे, असे बँकेने सुचविले. साडेआठ टक्के दराने महिन्याचा हप्ता सुमारे २६,०३५ रुपये, म्हणजे एकूण परतफेड ६२ लाखांच्या वर. अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटी नोकरी करणारा आमचा चोवीस वर्षांचा मुलगा क्षणाचाही विलंब न लावता “हो” म्हणाला.

त्याच्या त्या होकारानेच मी अस्वस्थ झालो. त्यात प्रेम होते, आज्ञाधारकपणा होता. परंतु कर्ज फिटेतो तो चव्वेचाळीस वर्षांचा झाला असता. आपल्या उतारवयातील निवाऱ्यासाठी त्याची उमेदीची वर्षे तारण ठेवण्याचा अधिकार आम्हाला होता काय? ज्या घराची पत्नीने इतकी वर्षे वाट पाहिली, त्याविषयी तीच म्हणाली, “घर माझ्या मनासारखं आहे, पण त्याच्या पगारावर ते नको.”

मग दिलेल्या शब्दाचे काय? या प्रश्नाचा उलगडा मला कायदा वाचताना झाला. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार, साठेखत नोंदविल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. महारेराने ऑगस्ट २०२२ मध्ये वाटपपत्राचा नमुना ठरवून दिला. त्यानुसार पत्र दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांत नोंदणी रद्द केल्यास काहीही कपात नाही. १६ ते ३० दिवसांत किमतीच्या १ टक्का, ३१ ते ६० दिवसांत दीड टक्का आणि त्यानंतर २ टक्के कपात होते. उरलेली रक्कम ४५ दिवसांत परत करावयाची असते. साठेखत नोंदविल्यावर मात्र वाट बिकट होते. रद्दलेख नोंदवावा लागतो, मुद्रांक शुल्काच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि नोंदणी फी परत मिळत नाही. कर्जाची रक्कम विकासकाच्या हाती गेली, की बँकेचे देणेही गळ्यात पडते.

म्हणजे माणसाला विचार बदलावासा वाटेल, हे कायद्याने आधीच गृहीत धरले आहे आणि त्याची किंमतही ठरवून ठेवली आहे. ती किंमत मुकाट्याने चुकती करणे, हेही शब्द पाळणेच आहे. आम्ही चोविसाव्या दिवशी लेखी पत्र दिले, पोच घेतली. ४० हजार कापून १ लाख ६० हजार मुदतीत परत आले. बँकेने घेतलेले प्रक्रिया शुल्क गेले ते गेलेच.

खरी परीक्षा रविवारच्या मिस्सानंतर झाली. “घराच्या आशीर्वादाला कधी बोलावताय?” असे चर्चच्या आवारात जो तो विचारी. “घेतले नाही” एवढेच उत्तर द्यायला आम्ही दोघे हळूहळू शिकलो. त्या दोन शब्दांसाठी लागणारे धैर्य ४० हजारांहून महाग होते.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांत आज तरुण मुलांना अशा कागदांवर सह्या कराव्या लागत असतील. सर्वांनीच माघार घ्यावी, असे माझे म्हणणे नाही. नोकरी पक्की असेल आणि हप्ता पेलत असेल, तर घर जरूर घ्यावे. परंतु वाटपपत्रावरील तारीख वहीत टिपून ठेवावी आणि त्या पहिल्या पंधरा दिवसांत मुलांना एकदा निवांत विचारावे. त्यांचा होकार ऐकून लगेच उठू नये. थोडा वेळ त्यांच्याजवळ बसावे.