सर्व्हर डाऊन आहे, रात्री या!

काल एका योजनेच्या अर्जाची शेवटची तारीख होती. दुपारी सेवा केंद्रावर गेलो तर बाहेर तीसेक माणसं उभी. आतला पोरगा प्रत्येकाला एकच सांगत होता, "काका, सर्व्हर डाऊन आहे. रात्री अकरानंतर या." पंधरा किलोमीटरवरून एसटीने आलेल्या एक मावशी मला म्हणाल्या, "भाऊ, रात्री अकराला गाडी कुठली?"

संबंधित कार्यालयात फोन लावला. उत्तर आलं, "आमचं पोर्टल महिन्यात 99 टक्के वेळ सुरू असतं."

खरंही असेल. पण जरा हिशोब करू. 30 दिवसांचे 720 तास. त्यातला 1 टक्का म्हणजे 7 तास 12 मिनिटं. हा वेळ मध्यरात्री थोडा थोडा करून गेला तर कुणाला कळणारही नाही. पण तोच शेवटच्या तारखेला सकाळी दहा ते संध्याकाळी पाच असा एकगठ्ठा गेला तर? कागदावर तेच 99 टक्के. मावशी मात्र अर्जाविना घरी.

सरासरीचंही तसंच. शंभरातल्या 95 जणांचं पान एका सेकंदात उघडलं आणि 5 जण मिनिटभर ताटकळले, तरी सरासरी चार सेकंदांच्या आतच! म्हणून जाणकार नुसत्या सरासरीवर विसंबत नाहीत. ते 'लोड टेस्ट' करतात. पोर्टलवर एकाच वेळी शंभर, मग हजार, मग दहा हजार नकली वापरकर्ते सोडायचे. सगळ्यात मागे राहिलेल्या पाच टक्क्यांना किती वेळ लागला आणि किती अर्ज मध्येच अडकले, ते मोजायचं. त्यासाठी जेमीटरसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं.

हे न जमणारे आपण एकटेच नाही. 1 ऑक्टोबर 2013 ला अमेरिकेत आरोग्य विम्याचं सरकारी संकेतस्थळ सुरू झालं. लाखो लोक तुटून पडले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली फक्त 6 जणांची! पण तिथे संसदेत अधिकाऱ्यांना जाब विचारला गेला. आपल्याकडे मुदतवाढीची वाट बघायची, बस्स.

मागणी साधी आहे. प्रत्येक पोर्टलच्या लोड टेस्टचा निकाल आणि शेवटच्या तीन दिवसांचे तासवार आकडे जाहीर करा. सर्व्हर जितके तास बंद, तितके कामाचे तास मुदत आपोआप वाढवा.

तुमच्याकडे असं झालं असेल तर तारीख आणि वेळ मला कळवा. यादी करून तहसीलदार साहेबांच्या टेबलावर ठेवतो.